रेकॉर्डच्या शेवटी सांगायचं नाव

माझा नातू क्विझच्या स्पर्धांना जातो आणि तयारीला बसला की जुन्या गाण्यांचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतो. बोलपटातलं पहिलं गाणं कुठलं, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना गाणी कधीपासून यायला लागली, लाँग प्ले कधी आली. मला हे सगळं पाठ आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा तोराही आहे. पण त्याच्या पुस्तकात उत्तरं एका ओळीत असतात, त्याचा मला फार राग येतो. परवा प्रश्न होता, पूर्वी गाणारे रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव का सांगत असत? उत्तर: रेकॉर्ड परदेशात छापली जाई, तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून. झालं, एक गुण. या एका गुणाच्या गोष्टीपायी आमच्या खोलीत आठ-नऊ महिने काय चाललं होतं, ते त्या पुस्तकवाल्याला काय ठाऊक? म्हणून मीच लिहिते आहे.

आम्ही डिलाईल रोडला राहायचो. वडील मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर. आई दुसऱ्या एका मिलमध्ये वायंडिंग खात्यात, सुताच्या बॉबिनी भरायला. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सहावीत. मूळचे आम्ही मालवणकडचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती आणि आमच्या चाळीत आठवड्याला एक तरी सभा असायची. सभा म्हटली की शाहिरांचं कलापथक आलंच. पथकात गाणाऱ्या बायका कमी, म्हणून ज्या चाळीत सभा तिथल्याच चार बायकांना मागे उभं करून ध्रुपद धरायला लावायचे. आई अशीच एकदा उभी राहिली ती राहिलीच. तिचा आवाज उंच आणि जरा खडबडीत होता, पण सुरात असा पक्का की पेटी बिघडली तरी ती बिघडायची नाही. बाबांची ना नव्हती. सभेत गॅसबत्तीला पंप मारायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि आई गायला लागली की ते उगाचच पंप मारत बसायचे.

आई गाणं शिकली होती रेकॉर्डवरून. तिच्या गावी खोताच्या घरी फोनो होता, आणि माझी आजी त्या घरी भात कांडायला जायची. आजीबरोबर आईही जायची आणि मागच्या पडवीत बसून ऐकायची. त्या फार जुन्या, जाड रेकॉर्डी. नव्या घेण्याची खोताला हौस नव्हती, असलेल्याच झिजवायचा. त्यांत एका बाईची गाणी होती. गाणं संपता संपता ती बाई ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची आणि मगच पिन खरखरायची. आईला वाटलं, गाणं असंच संपतं. त्यात तिचं काय चुकलं, सांगा? अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपलं नाव घालतातच. पोवाड्याच्या अखेरीला शाहीर स्वतःचं नाव, गुरूचं नाव, गावाचं नाव सांगतो. तेव्हा रेकॉर्डवरही गाणाऱ्याने नाव सांगायचं, हे तिला इतकं सरळ वाटलं की कुणाला विचारावं असं तिच्या मनातच आलं नाही.

त्या थंडीत आमच्या शाहिरांना एका रेकॉर्ड कंपनीने बोलावलं. आंदोलनाची गाणी नकोत म्हणाले, ती घेऊन आम्हाला कुठे तुरुंगात जायचंय! एका बाजूला गणपतीचं गाणं घ्या आणि दुसऱ्या बाजूला सासुरवाशिणीचं. सासुरवाशिणीच्या गाण्यात दोन कडवी भावाची, ती शाहिरांची. दोन कडवी बहिणीची. ती म्हणणारी पथकातली बाई नेमकी बेळगावच्या सत्याग्रहाला गेली आणि तिला अटक झाली. कंपनीची तारीख ठरलेली. शाहीर आमच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसले आणि बाबांना म्हणाले, "वहिनींना धाडा. दुसरं कोण नाही." बाबा म्हणाले, "तिलाच विचारा." आई स्टोव्ह पंप करत होती, ती करतच राहिली आणि म्हणाली, "खाडा पडेल एक दिवसाचा." एवढाच होकार.

आईबरोबर मला घेतलं, कारण परक्या ठिकाणी बाई एकटी कशी जाणार. ट्रामने आम्ही फोर्टात गेलो. खोलीच्या भिंतींना जाड गोधड्यांसारखं काहीतरी ठोकलेलं होतं आणि आतमध्ये आपला आवाज आपल्यालाच दबलेला वाटायचा. काचेच्या पलीकडे एक वयस्कर पारशी गृहस्थ बसले होते, तेच रेकॉर्डिंग करणारे. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवून सांगितलं, तीन मिनिटांच्या वर थोडं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर गिरक्या घेणाऱ्या तबकडीवर त्याहून जास्त मावतच नाही. शाहिरांची पाचावर धारण बसली. सभेत ते नुसतं नमन दहा मिनिटं गायचे, इथे नमनाला जागाच नव्हती. आई मात्र शांत होती. पाळीवर जशी उभी राहायची तशीच उभी राहिली, पदर खोचून.

पहिल्यांदा तबलजी चुकला. दुसऱ्यांदा सगळं नीट झालं. आईची दोन कडवी मला अजून अंगावर काट्यासकट आठवतात. पेटी थांबली, तबल्याची शेवटची थाप पडली, पारशीबुवांनी हात वर धरलेला, म्हणजे कुणी आवाज करू नका. आणि त्या शांततेत आई माइकसमोर खणखणीतपणे म्हणाली ते तिचं नाव. तिचं, तिच्या वडिलांचं आणि गावाचं.

शाहिरांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, हे काय केलंत?"

आई त्यांच्याकडेच नवलाने बघायला लागली. "गाणां कोणाचां तां सांगूक नको?"

पारशीबुवा काचेमागून बाहेर आले. मला वाटलं ओरडणार. पण ते हसत होते, आणि ते हसणं वाईट नव्हतं. "बाई, ये रिवाज तो मेरे बाप के टाइम का है," ते म्हणाले. "तब मोम पे गाना उठता था, आगबोट में जाता था. उधर गोरा लोग को क्या मालूम कौन गाया? इसलिए नाम बोलने का." मग त्यांनी समजावलं, की मेणाचा जमाना असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती, पुन्हा पहिल्यापासून गावं लागलं असतं. आता टेप आली आहे. त्यांनी मशीनवरून तपकिरी फीत ओढली, पुढेमागे फिरवून जागा शोधली, ब्लेडने दोन ठिकाणी कापली आणि टोकं चिकटवून टाकली. "फिकर मत करो. अभी नाम लेबल पे छपता है."

कापलेली फीत टाकून देणार होते, ती आईने मागून घेतली. हाताच्या बोटापासून खांद्यापर्यंत धरून तिने ती मापली, मिलमधल्या बाईला ती सवयच. गजाला थोडी जास्त. बोटाला गुंडाळून तिने ती कनवटीला लावली आणि ट्राममध्ये मला म्हणाली, "बघ गो, माझां नाव किती लांब." इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

आता माझा दोष. संध्याकाळी बाबा पाळीवरून आले, ती फीत फळीवर होती. त्यांनी विचारलं, हे काय? आई नळावर गेली होती. मी गप्प बसायचं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "यात आईचं नाव आहे. ती बोलली ते कापून काढलं." बाबा हसले. "असं? काय बोलली?" आणि आई जशी बोलली तस्संच मी बोलून दाखवलं, तिच्याच ठसक्यात, मोठ्या हुशारीने.

बाबांचं हसू गेलं ते मला दिसलं, पण कशाने गेलं ते कळलं नाही. आईने सांगितलं होतं ते तिचं माहेरचं नाव होतं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून ती त्या नावाची. बाबांनीही लिहिलं होतं, अंगठी उसनी आणून. रेशनकार्डावर तेच, मिलच्या पासावर तेच, चाळीतल्या बायकाही त्याच नावाने ओळखायच्या. गंमत अशी की ज्यांनी ते ठेवलं त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. नवऱ्याने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. बाबा आईला "गो" म्हणायचे, किंवा माझं नाव घेऊन तिला हाक मारायचे. तेरा वर्षांनी त्यांना कळलं, की बाईला जगापुढे नाव सांगायची एकदाच संधी मिळाली तर तिच्या तोंडून ते नाव आलंच नाही.

बाबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गप्प झाले. आई नळावरून आली, तिने फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. तीही स्वभावाची कमी नव्हती. "मी गाणां शिकलंय तेव्हा माझां तांच नाव होतां," ती भांड्यांकडे तोंड करून म्हणाली. बाबांनी ऐकलं आणि पान जुळवत बसले. मग दोघांचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. त्यांना सांग चहा झालाय. तिला सांग मी घेतला बाहेर. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला. मी रात्री देवाला सांगायची की मला मुकी कर, पण या दोघांना बोलतं कर.

श्रावणात रेकॉर्ड आली. शाहीर स्वतः एक प्रत घेऊन आले. नव्या लाखेचा वास येणारी काळीभोर तबकडी, मधोमध रंगीत लेबल. आई दुसरीपर्यंतच शिकलेली, तिने ती माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचलं. गाण्याचे शब्द, खाली शाहिरांचं नाव, आणि पुढे 'आणि सहकारी'.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"मागच्या अंगाक बघ." मी उलटून बघितलं. तिथेही तेच.

शाहीर फार चांगला माणूस. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मी तीनदा सांगितलं त्यांना. लेबलावर जागा नाही म्हणाले. मी नाव लिहून दिलेला कागद हरवला म्हणाले. कानांवर हात ठेवले सगळ्यांनी." आईने त्यांना चहा दिला, खोबरं दिलं, हसून पाठवलं. ते जिना उतरले आणि मग ती बराच वेळ ते लेबल अंगठ्याने चोळत बसली, जणू धूळ बसलीय म्हणून नाव दिसत नाही. बाबा खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते. मला दिसत होतं की त्यांनी पान उलटलेलं नाही.

त्याहून वाईट खात्यात झालं. आईने कधी नव्हे ते तिथे बोलून ठेवलं होतं की माझी रेकॉर्ड येणार आहे. हात दाखवून अवलक्षण. कुणीतरी रेकॉर्ड मिळवली, लेबल वाचलं, आणि बायकांना आयतीच करमणूक मिळाली. रेकॉर्डवर गाणारी बाई मोठी कुणी असणार, ही कशी असेल? बाईचा आवाज म्हणजे पथकातली ती, तुरुंगातून सुटून आलेली, तिचा असेल. सहकारी म्हणजे ही मागे टाळ वाजवत असेल. एकीने तर विचारलं, "काय गो, टाळांचे किती दिले?" आई घरी येऊन हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. रडते आहे हे कबूल करायला तयार नव्हती, कांदा चिरला म्हणायची, आणि श्रावणात आमच्या घरी कांदा नसायचा.

हे काही फक्त माझ्या आईचंच झालं नव्हतं, हे मला पुढे वाचताना कळलं. सिनेमाच्या रेकॉर्डींवर तर त्याच्या दहाएक वर्षं आधीपर्यंत गाणाऱ्याचं नाव नसायचंच. पडद्यावर जे पात्र गाणं म्हणतं त्याचं नाव छापायचे. मग एका गाण्याने असा धुमाकूळ घातला की लोकांनी रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली, ही बाई कोण ते सांगा. तेव्हा कुठे गाणाऱ्यांची नावं पुढे आली. माझ्या नातवाच्या पुस्तकात हाही प्रश्न आहे, एका गुणाचा. पण आईसाठी पत्र कोण लिहिणार? तिला ओळखणारे सगळे एका चाळीत राहत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं.

गणपतीला आम्ही दरवर्षी गावी जायचो. त्या वर्षी बाबा मला म्हणाले, "तिला सांग, रजा मिळत नाही." आईला वाटलं हा अजून राग. गावी गेलं की ती दोन दिवस माहेरी जायची, तेवढंही नको यांना. शेजारच्या काकांनी सांगितलं की बाबांनी रजा मागितलीच नव्हती, तेव्हा तर तिची खात्रीच झाली. "इतकां मोठां पाप केलंय मी?" तिने मला विचारलं. पापाची सुरुवात तर माझ्याच तोंडून झालेली.

आमच्या चाळीच्या चौकात सार्वजनिक गणपती असायचा. लाउडस्पीकरवाला पाच दिवसांसाठी यायचा, दोन कर्णे गॅलरीला बांधायचा आणि रेकॉर्डींची पेटी घेऊन मांडवात बसायचा. गणपतीचं गाणं म्हणून आमच्या शाहिरांची रेकॉर्ड त्याच्याकडे होतीच. पण तो एकच बाजू लावायचा. दुसरी बाजू चार दिवस कुणी ऐकलीच नाही.

पाचव्या दिवशी सकाळची आरती झाली. प्रसाद वाटून झाला. चौक माणसांनी भरलेला, वायंडिंगमधल्या त्या बायकांपैकी दोघी-तिघी आमच्याच चाळीतल्या, त्याही होत्या. आई आणि मी वर खोलीच्या दाराशी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होतो. कर्ण्यातून गाणं सुरू झालं, आणि ते सासुरवाशिणीचं होतं. आईचा हात थांबला. स्वतःचा आवाज तिने असा पहिल्यांदाच ऐकला, कारण आमच्याकडे फोनो कुठला? भावाची दोन कडवी झाली, बहिणीची दोन झाली. खाली कुणी फारसं लक्ष देत नव्हतं, पोरं दंगा करत होती. गाणं संपलं आणि पिन खरखरायला लागली.

मग त्या खरखरीवर कुणीतरी घसा खाकरला. मी कठड्यावरून वाकून बघितलं. लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीशेजारी बाबा उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात माइक. हरवलेलं पोर सापडल्याचं सांगायला जो माइक वापरत तोच. बाबा सभेत बत्तीपलीकडे कधी गेलेले नव्हते.

"आत्ता जे गाणं झालं," ते म्हणाले, आणि थांबले. कागदावरचं वाचल्यासारखी शुद्ध भाषा होती, मला ओळखीची नव्हती. "त्यातला बाईचा आवाज कुणाचा, ते लेबलावर छापायचं राहिलं आहे. म्हणून सांगतो." आणि त्यांनी नाव सांगितलं. माहेरचं नाव, माझ्या आजोबांचं नाव, गाव. मी त्या संध्याकाळी बोलून दाखवलं होतं तस्संच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाबांनी रजा का मागितली नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

चौकात माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्या नावाची बाई चाळीत कुणी नव्हतीच. तळमजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कोण रे ही? आपल्यातली नाय ती."

माइक चालूच होता. बाबा म्हणाले, "माझी बायको."

मी आईकडे बघितलं. ते नाव पुरुषाच्या आवाजात तिने तिचे वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. हातातली नेवरी तशीच, डोळ्यांतलं पाणी गालावर, आणि या वेळी तिने कांद्याचं नाव घेतलं नाही. कढईतल्या नेवऱ्या काळ्या पडल्या, त्या मी उतरवल्या. मग ती म्हणाली, "जा, त्यांका सांग, परत लावा म्हणान."

"गाणं?"

"गाणां कित्याक? मागसून बोलले तां."

मी जिना उतरून बाबांपाशी गेले आणि सगळ्यांदेखत तिचा निरोप सांगितला. बाबांचे कान लाल झाले. लाउडस्पीकरवाला हुशार, त्याने काही न विचारता पिन उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. नाव शेवटी सांगायचं असतं, त्यामुळे आता ते गाणं संपेपर्यंत बाबांना थांबणं भागच होतं. सगळ्या चाळीसमोर, हातात माइक घेऊन, ते ती तीन मिनिटं तसेच उभे राहिले.